खाऱ्या वाऱ्यातली जुनी गाडी

रायगडच्या किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, विहिरीवरचा पंप, फाटकाच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत कुठल्याही घरात विचारा, दर वर्षी काहीतरी खरवडावं, रंगवावं नाहीतर बदलावं लागतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते पत्र्यावर बसतात, हवेतली ओल धरून ठेवतात आणि त्या खारट ओलीत गंज घाटावरच्यापेक्षा कितीतरी वेगाने चढतो. पावसाळा सरला तरी इथला पत्रा पुरता कोरडा असा होतच नाही.

तरीही याच पट्ट्यात जुन्या गाड्या हौसेने घेणारी आणि जपणारी माणसं आहेत. कुठे वाडीतल्या घराच्या पडवीला लागून प्रीमियर पद्मिनी उभी असते, कुठे महिंद्राची जुनी जीप, तर कुठे ताडपत्रीखाली अँबेसिडर. मीही त्यांतलाच एक. पुण्या-साताऱ्याच्या सुक्या हवेत हा छंद तुलनेने सोपा आहे. इथे तो रोजचा झगडा आहे. म्हणूनच जुन्या गाडीत नेमका आनंद कसला, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. नुसत्या हौसेवर इथे गाडी टिकत नाही.

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर म्हणजे आठवणी. वडिलांकडे अशी गाडी होती, काकाची वरात हिच्यातून निघाली होती, लहानपणी सुट्टीत हिच्यातूनच गावी यायचो. या आठवणी खऱ्या आहेत, पण आठवण जपायला एक फोटो पुरतो. त्यासाठी दर पावसाळ्याआधी गाडीखाली आडवं पडावं लागत नाही. शिवाय आज जुन्या गाडीमागे लागलेल्या कित्येक तरुणांचा जन्मच पद्मिनीचं उत्पादन थांबल्यानंतरचा आहे. त्यांना कसली आठवण असणार? माझ्या मते हा आनंद सांभाळण्याचा आहे. जी वस्तू उघडली की कळते, बिघडली तर आपल्या गावात दुरुस्त होते आणि दुर्लक्ष केलं तर हमखास मरते, तिच्याशी माणसाचं एक जबाबदारीचं नातं जुळतं. असं नातं जुळण्याच्या जागा आपल्या आयुष्यातून झपाट्याने कमी होताहेत. जुनी गाडी ही त्यांतली एक उरलेली जागा आहे, आणि ती उरावी असं मला मनापासून वाटतं.

या गाड्या कळतात, त्यामागे इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. फियाट 1100 डिलाइट हीच गाडी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि विसावं शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे स्प्रिंग, मागे पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. अँबेसिडर 1950 च्या दशकाच्या अखेरीस आली आणि 2014 पर्यंत टिकली. परवाना पद्धतीच्या त्या काळात स्पर्धा नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि मॉडेल बदलायची कंपन्यांना गरजच नव्हती. ग्राहक म्हणून आपण त्यात भरडलो गेलो, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्याच काळाने नकळत आणखी एक गोष्ट घडवली. तीच गाडी तीस-चाळीस वर्षं फारशी न बदलता रस्त्यावर राहिली, त्यामुळे तिची विद्या तालुक्या-तालुक्यात पसरली. पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही गाडी अडली तरी तिचं दुखणं ओळखणारा मिस्त्री भेटायचा. सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळायचे, आणि नाहीच मिळाले तर लेथवर करून घेता यायचे.

ही विद्या म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून सांगतो. पद्मिनी चढावर दम तोडते, मध्येच फटकारते. मिस्त्री म्हणतो, गाडी मिसिंग करतेय. तो आधी बोनेट उघडून नुसता ऐकतो. मग चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून बघतो. ज्या वायरीने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. इथे तर प्रत्येक वायर काढली की आवाज बदलतो, म्हणजे दोष एका प्लगचा नाही, वीज जिथून वाटली जाते तिथला आहे. तो डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढतो. आतल्या बोट्यांवर पांढरट-हिरवी पूड धरलेली असते, ती खाऱ्या हवेची करणी. खाली कॉन्टॅक्ट पॉइंटची इवलीशी जोडी. एका पॉइंटवर बारीक टेकाड आलेलं, समोरच्यावर तेवढाच खड्डा. हे पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो, त्यातून हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट खराब झाले की ठिणगी मरते. तो पॉलिश पेपरने ते घासतो, फिलर गेजची पात मध्ये घालून अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं अंतर बसवतो, टोपी पुसून लावतो. सेल्फ मारला की इंजिन एका सुरात चालू लागतं.

या सगळ्याला ना लॅपटॉप लागला, ना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची तारीख. बिघाडाचं कारण डोळ्यांना दिसलं, हाताला लागलं, कानाला पटलं. शेजारी उभ्या असलेल्या बारा-पंधरा वर्षांच्या पोरालाही वीज कुठून आली आणि कुठे गेली हे कळलं. आजच्या गाड्या अनेक बाबतींत कितीतरी चांगल्या आहेत, पण त्यांत बिघाड झाला की पडद्यावर एक आकडा येतो आणि तो आकडा सांगेल तो भाग बदलला जातो. आपल्या मालकीच्या वस्तूच्या पोटात काय चालतं, ते आपल्याला कळावंच लागत नाही. ही सोय मोठी आहे, पण तिच्यासोबत काहीतरी हातचं जातं, आणि जुनी गाडी ते परत देते.

गाडी घेण्यातही हाच आनंद आहे. नवी गाडी घेताना आपण पत्रक वाचतो. जुनी घेताना पारख करावी लागते. किनाऱ्यावरची गाडी घ्यायची तर रंगाकडे बघूच नये. पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. म्हणून तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या कुजल्या असतील, तर वरचा चकचकीत रंग काही कामाचा नाही. आत बसून पायाखालची मॅट उचलावी आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भुसभुशीत आवाज आला तर वरच्या रंगाखाली नुसती पापुद्र्यांची चवड आहे. फडक्यात लोहचुंबक धरून दारांच्या खालच्या कडेने फिरवावा. तो जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. बॅटरीची बैठक, डिकीत स्टेपनीची जागा, पुढच्या स्प्रिंगचे बुरूज ही पुढची ठिकाणं. पण या सगळ्याच्या आधी कागद. आरसी बुकातला चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी असेल तर ना-हरकत दाखला मिळेल का, हे बघितल्याशिवाय विसार देऊ नये. इंजिन खोलून नवं करता येतं, पत्रा कापून जोडता येतो, पण हरवलेले कागद जोडणारा मिस्त्री अजून कुणाला भेटलेला नाही. गाडी घाटावरची असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. सुक्या हवेतली वर्षं हीच तिची खरी किंमत असते.

मग सुरू होतं सांभाळणं. किनाऱ्यावर त्याचं वेळापत्रक पंचांगाने ठरतं. मृग लागण्याआधी गाडी उचलून खालचा पत्रा धुवायचा, गंज खरवडायचा, रेडऑक्साइड मारून वर काळा थर द्यायचा, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी करायची. पावसात गाडी ताडपत्रीत गच्च गुंडाळू नये, आत ओल कोंडते. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा हेच बरं. काशीदला किंवा दिवेआगरला वाळूजवळ उभी केली असेल, तर घरी आल्यावर तिला खालून गोड्या पाण्याने धुवायलाच हवं. त्यात आता नवं संकट पेट्रोलचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुन्या काळच्या रबराला मऊ करतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं त्यामुळे लवकर जातात. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्या लागतात आणि पावसाळाभर टाकीत तेच पेट्रोल पडून राहू द्यायचं नसतं. ही यादी ऐकून कुणी म्हणेल, हा तर नुसता त्रास आहे. पण या किनाऱ्यावर जे काही टिकलंय, ते असंच टिकलंय. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोळी आपली होडी किनाऱ्यावर ओढून घेतो, फटी बुजवतो, रंग देतो आणि नारळी पौर्णिमेला ती पुन्हा पाण्यात घालतो. त्या कामाला तो त्रास म्हणत नाही. होडी आपली असण्याचा तो एक भाग आहे.

चालवण्याचा आनंद यातूनच येतो. चौलहून निघून रेवदंड्याचा पूल ओलांडायचा, कोर्लई-काशीदवरून मुरूडला जायचं, आगरदांड्याला गाडी जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवायची आणि खाडीपलीकडे दिघीला उतरून पुढे दिवेआगर-श्रीवर्धन गाठायचं, असा रस्ता जुन्या गाडीसाठीच आखल्यासारखा आहे. वेग चाळीस-पन्नासचा. चढ दिसला की गिअर आधीच उतरवायचा, उताराला इंजिनाचा ब्रेक वापरायचा, पाण्याचा काटा बघत राहायचं. गाडीला काय जमतं आणि काय नाही हे चालवणाऱ्याला सतत माहीत असावं लागतं, आणि त्या लक्ष देण्यात मन विलक्षण स्थिर होतं.

आता आक्षेप. ते गंभीर आहेत आणि त्यांना गंभीरपणेच उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आक्षेप प्रदूषणाचा. कार्ब्युरेटरची गाडी आजच्या गाडीपेक्षा दर किलोमीटरला कितीतरी अधिक धूर सोडते. तिला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रदूषण किलोमीटरवर ठरतं, आणि छंदाची गाडी वर्षाला हजारभर किलोमीटर झाली तरी खूप झाली. रोज शंभर किलोमीटर धावणारी जुनी डिझेल गाडी आणि महिन्यातून एखादी फेरी करणारी नीट ट्यून केलेली पद्मिनी यांना केवळ वय सारखं म्हणून एका तराजूत घालणं न्यायाचं नाही. नवी गाडी बनवतानाही पोलाद, वीज, पाणी खर्ची पडतं, याचाही हिशेब कधीतरी मांडायला हवा. मात्र यातून आम्हा छंदिष्टांवरही एक बंधन येतं. कार्ब्युरेटर आणि टायमिंग नीट ठेवणं, पीयूसी प्रामाणिकपणे काढणं आणि जुनी गाडी रोजच्या कामाला न वापरणं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. एअरबॅग नाही, एबीएस नाही, धडकेत चुरगळून माणसाला वाचवणारी बांधणी नाही. हेही खरं. म्हणून सीटबेल्ट बसवून घ्यावेत, ब्रेकचे रबर वेळेवर बदलावेत, कुजलेल्या तळाची गाडी कितीही लाडकी असली तरी रस्त्यावर आणू नये, आणि रात्री मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांमध्ये तिला घेऊन जाऊ नये. तीत बसणाऱ्यांचा जीव तिच्या मूळपणापेक्षा मोठा आहे.

तिसरा आक्षेप असा, की हा श्रीमंतांचा खेळ आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला मिरवणारी मेबॅक बघून तसं वाटणं स्वाभाविक आहे. त्या गाड्या जपल्या जाताहेत याचा मला आनंदच आहे. पण पद्मिनी, अँबेसिडर, जीप, पहिली मारुती 800 या शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, बागायतदारांच्या, टॅक्सीवाल्यांच्या गाड्या होत्या. राजांच्या गाड्यांना वाली मिळतो. सर्वसामान्यांच्या गाड्या मात्र आधी दुर्लक्षामुळे आणि मग भंगारात जाऊन संपतात. पुढच्या पिढीला एखादी मेबॅक दिसेल, पण तिच्या आजोबांनी कर्ज काढून घेतलेली गाडी दिसणार नाही, हा इतिहासावर अन्याय आहे.

ही वेळ निर्णायक का आहे, तेही सांगायला हवं. पद्मिनीला दीर्घायुष्य दिलं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, म्हणून त्यांची क्लचप्लेट, वॉटरपंप, ब्रेकचे रबर बनवणारे कारखाने चालत होते. त्या बाजारावरच आम्हा छंदिष्टांचं भागत होतं. 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी गेली ती एक टॅक्सी नव्हती; सुट्या भागांचा सगळा बाजार आणि त्यावर जगणारी कारागिरी यांचा आधारच गेला. इतके दिवस टॅक्सीने छंद पोसला. यापुढे छंदाने ती विद्या पोसायची आहे.

आणि ही विद्या माणसांच्या हातात आहे. अलिबाग-रेवस मार्गावरच्या मिनिडोर रिक्षा दुरुस्त करत ज्यांचा हात बसला, पद्मिनीचे टॅपेट ज्यांनी आवाजावरून लावले, ते मिस्त्री आता म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्या मुलांना या कामात भविष्य दिसत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथे एक-दोन जुन्या गाड्या शिकवण्यासाठी ठेवल्या आणि अशा मिस्त्रींना मानधनावर बोलावलं, तर मुलांना इंजिनाची मूळ तत्त्वं हाताने शिकता येतील. पत्रा जोडणं, वायरिंग शोधणं, लेथवर बुश बनवणं ही कौशल्यं होडीच्या इंजिनालाही लागतात, शेतीच्या पंपालाही लागतात. जुन्या गाडीसाठी टिकवलेलं कौशल्य फक्त जुन्या गाडीपुरतं राहत नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर आहे. एप्रिल 2022 मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेलं. दुसरीकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांपुरतीच ती चालवायची. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये पस्तीस वर्षांची दरी आहे आणि आपल्या बहुतेक स्वदेशी गाड्या त्या दरीत आहेत. पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशीला पोचल्या. 1985 ची पद्मिनी किंवा 1984 ची मारुती 800 कायद्याच्या लेखी केवळ एक थकलेली गाडी आहे.

जर्मनीत तीस वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर वारसा वाहनाची खास पाटी मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना रस्ता-करातून आणि वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. तपासणीची सूट आपल्याला नकोच. किनाऱ्यावर तर तपासणी अधिक कडक हवी, कारण इथे गंज आत लपतो. पण तीस वर्षांचा टप्पा आपणही ठेवावा. गाडी मूळ स्वरूपात हवी, तळाची आणि ब्रेकची खरी तपासणी व्हावी, वर्षाला ठरावीक किलोमीटरचीच मुभा असावी आणि त्या बदल्यात शुल्क माफक असावं. पेणच्या आरटीओत अशा गाड्यांसाठी वर्षातून दोन दिवस राखून ठेवले तरी जिल्ह्याचं काम भागेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्याला हा छंद करावासा वाटतो त्याने वाट बघू नये. मोठी, दुर्मिळ, महागडी गाडी शोधण्यापेक्षा साधी, चालती, कागद शाबूत असलेली गाडी घ्यावी. कपाटातल्या शोभेसारखी ती झाकून ठेवू नये, चालवावी. मिस्त्रीकडे काम टाकून निघून जाऊ नये, शेजारी उभं राहून बघावं, विचारावं, पाना हातात घ्यावा, आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलीला-मुलाला सोबत न्यावं. मिस्त्रीला त्याच्या ज्ञानाचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. समुद्र त्याचं काम थांबवणार नाही. त्याच्या शेजारी राहून एक यंत्र वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं, हे ज्याने स्वतःच्या हाताने अनुभवलं, तो कुठलीही वस्तू सहजासहजी टाकून द्यायला तयार होत नाही. टाकून देण्याची सवय वाढत चाललेल्या आजच्या काळात अशी माणसं आपल्याला हवी आहेत, आणि ती घडवण्याचं सामर्थ्य या छंदात आहे.